शेवटानंतरचा चहा

आधी नाव सांगते. इंदूकाकू. आज मी अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावातल्या एका पाळणाघरात पोरांची ‘मिस मंदा’ आहे, त्यांच्या आईबापांशी मान वर करून इंग्रजीत बोलते आणि कुणी विचारलं तर मला काय वाटतं ते सांगते, हे सगळं काकूंमुळे. काय झालं, कसं झालं ते पुढे येईलच. पण झालेलं सांगण्याच्या नादात नाव मागे पडायला नको.

मी विट्याची. आठवीत शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली, घरात धाकट्या दोघी, मग शाळा आमच्या दारावरून दिसत असूनही मी परत तिकडे गेले नाही. लग्न झालं आणि थोरल्या दिरांनी अमेरिकेसाठी फार पूर्वी घातलेले कागद एकदाचे मंजूर होऊन आम्ही दोघं दोन हजार दोन साली मिशिगनला आलो. राहायला दिरांकडेच. नवऱ्याला, सुरेशला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात काम मिळालं. मला भीती मिळाली. फोन वाजला की मी स्वयंपाकघरातला नळ सोडायची, म्हणजे ऐकूच आला नाही असं म्हणता यायचं.

काकू पहिल्यांदा भेटल्या त्या मंडळाच्या गणपतीत. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, मी वाढायला उभी. पुरुषी करडा स्वेटर घातलेल्या एक ठेंगण्या बाई ताट घेऊन समोर आल्या आणि वडे तिखट आहेत का म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं.

त्या हलेचनात. मागे रांग खोळंबली. “अगं, मी म्हणेन तसा वडा तिखट कसा होईल?” त्या म्हणाल्या. “तू खाल्लास ना? मग तुझी जीभ काय म्हणते?”

माझी जीभ काहीच म्हणत नव्हती. त्यांनी एक वडा उचलून माझ्या हातात दिला, मी खाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या, आणि शेवटी मी तिखट आहे म्हटल्यावर दोन घेऊन पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी फोन. जाऊबाईंनी घेतला. रविवारी दुपारी मंदाला माझ्याकडे पाठव, भुताचा सिनेमा आहे, एवढाच निरोप.

काकू इथे आल्या तेव्हा नोव्हायमध्ये शेतं होती म्हणे. एका मोटारकंपनीत त्यांनी आयुष्यभर गाड्यांच्या दारांची ड्रॉइंग्ज काढली. त्यातही बिजागऱ्या. कुणाच्याही घरी गेल्या की आत येण्याआधी दार एकदा उघडून, एकदा लावून बघायच्या आणि मग चप्पल काढता काढता वरचा स्क्रू ढिला आहे हे यजमानांना सांगायच्या. गृहप्रवेशाच्या पूजेलाही हेच. गुरुजी संकल्प सांगतायत आणि काकू दाराशी उकिडव्या बसून खालची फट बघतायत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पर्समध्ये कुंकवाची डबी नसेल पण घडीची मोजपट्टी असायची. मत या शब्दाला त्या माप म्हणायच्या. “माप घे,” म्हणायच्या, “आणि जिथे उभी आहेस तिथूनच घे. दुसऱ्याच्या जागेवरून घेतलेलं माप तुझ्या कामाचं नाही.”

आणि भुताचे सिनेमे. तेही जुने, काळेपांढरे. रंगीत भूत त्यांना चालत नसे. टीव्हीवर लागायचे तेव्हा त्यांनी ते जाहिरातींसकट टेप करून ठेवलेले होते. तळघरात एक अख्खी भिंत कॅसेटींची. पुष्कळशा कॅसेटींना सुरुवातच नव्हती, कारण बटण दाबेपर्यंत नावं निघून गेलेली असायची. त्यामुळे त्या सिनेमांना काकूंनीच नावं दिली होती. ‘आंधळ्या डॉक्टरचा’, ‘विहिरीचा’, ‘दोन कपांचा’.

याच सिनेमांचं वेड का, हे मी एकदा भीत भीत विचारलं. त्यांनी सांगितलं की त्या आल्या तेव्हा काकांची रात्रपाळी असायची, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि कॉलेजात शिकलेलं इंग्रजी इथल्या दुकानात कुणाला कळत नव्हतं, इथल्यांचं त्यांना कळत नव्हतं. विनोदी कार्यक्रम लावले तर माणसं भराभर बोलून हसून मोकळी. भुताच्या सिनेमात मात्र सगळे हळू बोलतात, एक वाक्य बोलून थांबतात, खिडकीकडे बघतात, मग दुसरं बोलतात. “भुतांना घाई नसते, मंदा. मी त्यांच्याकडूनच इंग्रजी शिकले.”

मला त्यांनी तसंच शिकवलं. आठवड्यातल्या दोन सकाळी मी चालत त्यांच्या घरी जायची. एक वाक्य ऐकायचं, कॅसेट थांबवायची, वाक्य म्हणायचं. ‘या घरात आणखी कुणी राहतं का?’ हे इंग्रजीत मी जितक्या सफाईने म्हणू शकते तितक्या सफाईने अजूनही दुसरं काही म्हणता येत नाही. शाबासकी कधी नाही. चुकलं नाही तर त्या फक्त पुढचं बटण दाबायच्या.

रविवारचा कार्यक्रम मात्र सगळ्यांसाठी होता आणि तो भर दुपारी. रात्री काय, कुणीही घाबरतं, हे त्यांचं म्हणणं. दुपारी तीन वाजता चिवडा खाताना ज्याने घाबरवलं तो सिनेमा खरा. तळघराच्या छोट्या खिडक्यांना जुनी नऊवारी लावायच्या. सिनेमाच्या आधी चिवडा मिळे. चहा मात्र सिनेमा संपल्यावर, आणि तोसुद्धा शेवट पाहून आपल्याला काय वाटलं हे प्रत्येकाने सांगितल्यावरच. छान होता, बरा होता, चालत नसे. एकदा एक पाहुणे टाइमपास होता म्हणाले, तर काकूंनी त्यांना खरोखरच चहा दिला नाही. ते बिचारे पार पलीकडच्या गावाहून, लिव्होनियाहून, गाडी चालवत आले होते.

नेहमीचे लोक ठरलेले. एक दत्ताकाका, म्हणजे काकूंचे यजमान, जे पहिल्या खुनाच्या आधी झोपायचे आणि शेवटी उठून दर वेळी तेच सांगायचे की नोकराने केलं असणार. काकू त्यांना अर्धा कप द्यायच्या. दुसरा निनाद, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, बडबड्या आणि मनाने चांगला मुलगा. त्याला प्रत्येक शेवटाचं स्पष्टीकरण यायचं. त्याची नऊ वर्षांची मुलगी अन्वी. आणि त्याची आई, सहा महिन्यांसाठी आलेली. त्यांना आम्ही मावशी म्हणायचो. मावशींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सिनेमा चालू असताना काकू शेजारी बसून तो मराठीत सांगायच्या. मी असायची जिन्याच्या पायरीवर. माझी पाळी आली की निनादभाऊजी म्हणाले तसंच, एवढं म्हणायची. काकू चहा द्यायच्या, पण माझ्याकडे न बघता.

दोन हजार चारमध्ये माझ्यापुढे एक गोष्ट उभी राहिली. घराजवळच्या पाळणाघरात मदतनीस हवी होती. मला मुलं आवडतात आणि तिथल्या बाईंना मी आवडले. पण शाळा पूर्ण झाल्याचा दाखला पाहिजे. ज्यांची शाळा अर्धवट सुटली त्यांच्यासाठी इथे एक परीक्षा असते, ती दिली तर चालणार होतं. बाई जागा उन्हाळ्यापर्यंत ठेवते म्हणाल्या. काकूंनी माझं नाव घातलं, गणित निनादने शिकवलं. गणित सुटलं, वाचन सुटलं, विज्ञानसुद्धा सुटलं. निबंधात मी नापास झाले.

निबंधाचा विषय होता, लहान मुलांनी टीव्ही बघावा का. मी लिहिलं होतं की काही लोक म्हणतात बघावा, काही म्हणतात बघू नये, दोघांचंही बरोबर आहे. पानभर हेच. काकूंना मी काय लिहिलं ते सांगितलं तेव्हा त्या हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. पोळी जळायला लागली तशी म्हणाल्या, “आणि तू कुठे होतीस त्या पानात?”

परीक्षा पुन्हा देता येणार होती. पण मला माहीत होतं की परत तसंच होणार. माझ्याकडे शब्द कमी नव्हते आता. मत नव्हतं. म्हणजे असेल, पण ते बाहेर काढायची भीती. आठवीत शाळा सोडलेल्या बाईने कशाला काही म्हणायचं, लोक म्हणतात ते आहेच की. आणि हे असंच राहिलं तर पाळणाघर गेलं, नळ सोडून उभं राहणं तेवढं राहिलं.

पुढच्याच रविवारी ‘दोन कपांचा’ लागला. त्याची गोष्ट सांगायला हवी. तळ्याकाठी एक घर. पियानो शिकवणारी एक तरुण मुलगी तिथे खोली भाड्याने घेते. घरमालकीण म्हातारी, फार प्रेमळ. रोज संध्याकाळी दोघी एकत्र चहा घेतात. हळूहळू मुलीला गावातून कळतं की ती म्हातारी केव्हाच वारली आहे. मुलगी पळून जात नाही. म्हातारीलाही कळतं की हिला कळलंय. शेवटच्या प्रसंगात म्हातारी कोटाची बटणं लावते, दार उघडते, उंबऱ्यात उभी राहून इंग्रजीत म्हणते, मी आता जाते, बाळ. आणि गोठलेल्या तळ्यावरून चालत जाते. दार उघडंच. मुलगी उठते, दार लावत नाही. टेबलापाशी येऊन दोन कप मांडते. संपला.

त्या दिवशी सुरू करण्याआधी काकूंनी जाहीर केलं की त्यांचा घसा बसलाय, मावशींना सिनेमा मंदा सांगेल. घसा अजिबात बसलेला नव्हता. सकाळभर त्या छपराच्या पन्हळीत साचलेल्या पानांवरून काकांवर ओरडत होत्या, हे काकांनीच मला जिन्यात सांगितलं.

मी मावशींच्या शेजारी बसले. पहिली दहा-पंधरा वाक्यं अडखळले, मग काय झालं कोण जाणे, म्हातारी बोलायला लागली आणि मी तिची मराठी बोलायला लागले. हळू बोलायची ना ती. मला वेळ मिळायचा. मावशी माझा हात धरून बसल्या होत्या. शेवट आला. म्हातारीने दार उघडलं, उंबऱ्यात वळून बोलली, आणि मी मावशींना म्हटलं, “येते हं मी, बाळ.”

पडद्यावर दोन कप मांडले गेले आणि मावशींनी माझा हात इतक्या जोराने दाबला की बांगडी रुतली. दिवा लागल्यावर बघते तर त्यांचा चेहरा पांढरा. काकूंनी नेहमीप्रमाणे विचारायला सुरुवात केली. काका म्हणाले नोकर. नोकर नव्हताच सिनेमात. निनाद म्हणाला की हा सुटकेचा शेवट आहे. म्हातारीचा जीव अडकला होता, तो सुटला, ती कायमची गेली, आणि तो दुसरा कप म्हणजे मुलीची आठवण. इट्स अ व्हेरी सॅड एंडिंग, काकू. अन्वी म्हणाली, “शी शुड हॅव क्लोज्ड द डोअर. इट्स फ्रीझिंग.” काकूंना हे फार आवडलं. तिला दोन बिस्किटं मिळाली.

मावशी म्हणाल्या की गेली कसली, ती उद्या परत येणार आहे. रोज येणार. म्हणून तर कप मांडले. हे घर आता सुटायचं नाही त्या पोरीला.

निनाद म्हणाला, आई, ती जाते म्हणाली. मावशी म्हणाल्या, येते म्हणाली, मी काय बहिरी आहे? मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. निनादला कळलं आणि तो हसत सुटला. “वहिनी, यार, तुम्ही पूर्ण एंडिंग चेंज केलंत. ती गोइंग म्हणतेय आणि तुम्ही तिला परत बोलावलंत.”

मला वाटलं जमीन दुभंगावी. सॉरी, सॉरी म्हणत उठले, चुकलं म्हणाले, निनादभाऊजींचं बरोबर आहे. काकूंनी कॅसेट मागे नेली. म्हातारीला परत दारात उभं केलं, वाक्य ऐकवलं, आणि चित्र थांबवलं. म्हातारी तिथे थरथरत उभी, अर्धी आत, अर्धी बाहेर.

“चूक आहे,” काकू म्हणाल्या. “इंग्रजीत जाते आहे. आता मला एवढंच सांग, तू येते का म्हणालीस?”

मी म्हटलं, चुकून.

“चुकून जीभ घसरते. तुझी घसरली नाही, तू ठासून म्हणालीस. का?”

चहा शेगडीवर उकळत होता, त्याचा वास येत होता. कुणालाच मिळणार नव्हता. मी पडद्यावरच्या त्या म्हातारीकडे बघितलं आणि म्हटलं की घरातून निघताना जाते म्हणत नाहीत. आमच्याकडे कुणीच म्हणत नाही. जाते म्हटलं तर आई तोंडावर हात ठेवायची. ही बाई एवढी मायाळू, त्या पोरीला रोज चहा करून द्यायची. तिच्या तोंडून तेवढं अशुभ माझ्याने वदवेना. आणि ती परत आली तरी काय बिघडलं? पोरगी एकटी आहे. घरापासून लांब आहे. मला तर वाटतं तिला भीती म्हातारीची नव्हतीच. म्हातारी येणार नाही याची होती. म्हणून दार लावलं नाही तिने.

माझं बोलून झालं. मग निनाद म्हणाला की त्याला हे पटत नाही, त्याच्या मते ती गेलीच, पण दाराचं जे आहे त्यावर विचार करायला पाहिजे. मी म्हटलं, तुम्हाला नाही पटलं तर नका पटवून घेऊ, मला असंच वाटतं. तोंडातून निघून गेलं. निनाद परत हसला, पण या वेळी वेगळा. आणि मावशी म्हणाल्या की ते काही असो, मी आज लेकाच्या खोलीत झोपणार.

काकूंनी पहिला कप मला आणून दिला. दिला आणि म्हणाल्या, “तुझं माप माझ्यापेक्षा वेगळं आलं. बरं झालं. सोमवारी येशील तेव्हा हेच इंग्रजीत लिहून आण, तुझ्या चुकीसकट.” त्यांचं स्वतःचं माप काय होतं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. फक्त एवढं म्हणाल्या की त्या दाराची बिजागरी उलट्या बाजूला बसवली आहे, ते दार तसं उघडूच शकत नाही, त्यामुळे हा सिनेमा त्यांना कधीच पूर्ण पटला नाही.

तो निबंध मी तीन आठवडे लिहीत होते. काकू लाल पेन्सिल चालवायच्या आणि ‘काही लोक म्हणतात’ असं कुठे दिसलं की त्यावर काट मारून वर लिहायच्या, कोण लोक, बोलवा त्यांना.

परीक्षेच्या सकाळी बर्फ पडत होता. मार्च संपत आला होता तरी. सुरेशची पाळी, म्हणून काकूंनी गाडी काढली. त्या गाडी चालवताना रस्त्यापेक्षा शेजारच्या गाडीचं दार जास्त बघायच्या. हे मॉडेल माझं, हे माझं नाही, असं चालायचं. त्या दिवशी मात्र गप्प होत्या. केंद्रापाशी मी उतरायला लागले तशी मला वाटलं आता काहीतरी धीराचं बोलतील. त्या म्हणाल्या, दार हळू लाव.

विषय आला, तुमचा आवडता ऋतू कोणता आणि का. सोपा वाटेल कुणाला. मिशिगनमध्ये सगळे उन्हाळा म्हणतात. माझ्याही पेनाच्या टोकाशी उन्हाळा आला होता. मी खिडकीकडे बघितलं, जरा थांबले, आणि लिहिलं की मला हिवाळा आवडतो. कारण इथल्या उन्हाळ्यात सगळे अंगणात येतात, एकमेकांना हाका मारतात, आणि नवख्या माणसाला आपण किती परके आहोत ते रोज कळतं. हिवाळ्यात मात्र सगळेच सारखे अडकलेले असतात. कुणीतरी कुणालातरी तळघरात बोलावतं, चिवडा देतं, आणि बोलल्याशिवाय सोडत नाही. मी याच्याशी सहमत नसलेले लोक बोलावले नाहीत. त्यांना जागाच नव्हती, पान माझंच भरून गेलं.

पास झाले. मे महिन्यात पाळणाघरात लागले. निकाल सांगायला गेले तर काकू तळघरात कॅसेटी लावत होत्या. ऐकलं, मान हलवली, आणि पुढचं बटण दाबल्यासारखं माझ्या खांद्यावर बोटाने एकदा दाबलं. काकांनी मात्र त्या दिवशी जागं राहून पेढे वाटले.

दोन हजार सातमध्ये काका गेले. काकूंना त्या घरात एकटं ठेवायचं नाही म्हणून त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून न्यायला आला. घराला गिऱ्हाईक मिळालं. त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांचंही कळलं. मधलं दिसेनासं झालं होतं, कडेचं दिसायचं. डॉक्टर म्हणाले हे असंच राहणार. काकू ते सांगताना दुसऱ्या कुणाचं ड्रॉइंग चुकल्यासारखं सांगत होत्या. सिनेमा लावला की माणूस दिसत नाही, त्याच्या आजूबाजूची खोली दिसते. भुताच्या सिनेमाला ते ठीकच आहे म्हणा, म्हणाल्या.

शेवटचं पाहिलं ते पाळणाघरात. निघायच्या दिवशी मुलाला वाट वाकडी करायला लावून त्या आल्या. पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या, गुडघे हनुवटीशी. टॉमी नावाच्या एका चार वर्षांच्या पोराने त्यांना आपलं चित्र दाखवलं आणि त्या म्हणाल्या की मला नीट दिसत नाही, तू सांग काय आहे. तो म्हणाला घर आहे. त्यांनी विचारलं, कुणाचं? तो म्हणाला माहीत नाही. मग त्या आणि तो, दोघं मिळून, त्या घरात कोण राहतं यावर बराच वेळ भांडले. काकूंचं म्हणणं कुत्रा, त्याचं म्हणणं आगीचा बंब. शेवटी त्याचंच त्यांनी मान्य केलं. मुलगा बाहेरून हॉर्न वाजवत होता, विमान चुकेल म्हणून.

मी त्यांना गाडीपर्यंत सोडलं. आत बसल्यावर त्यांनी काच खाली घेतली, माझ्या चेहऱ्याच्या जरा उजवीकडे बघितलं, म्हणजे मी त्यांना दिसेन, आणि म्हणाल्या, “त्या पोराला उद्या परत विचार. आज तो माझ्याशी भांडायच्या नादात बंब म्हणाला की त्याला खरंच तसं वाटतं, ते बघ.” गाडी पार्किंगमधून निघाली. उजवीकडे जायचं तर मुलगा डावीकडे वळला, आणि पुढच्या सीटवरून एक करडी बाही बाहेर येऊन त्याला दुसरी बाजू दाखवत राहिली, गाडी वळेपर्यंत.

टॉमीला मी विचारलं. बंबच म्हणाला. काकूंना फोनवर कळवलं.

आता दर रविवारी फोन होतो. कॅलिफोर्नियात बर्फ नाही, लोक फार भराभर बोलतात, आणि सुनेच्या घराची दारं सरकती आहेत, त्यांना बिजागरीच नाही, अशा तक्रारी असतात. सिनेमे मात्र बंद. आवाज ऐकू येतो, पण बराच वेळ कुणी काही बोलत नाही तेव्हा काय चाललंय ते समजत नाही म्हणतात, आणि त्या सिनेमांत बराच वेळ कुणी काही बोलत नाही.

काकू, तिकिटाचं जमलं की मी येणार आहे. पुढच्या वर्षी नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. तुमच्या शेजारी बसून एक अख्खा सिनेमा तुम्हाला मराठीत सांगणार आहे, कोण कुठे उभं आहे, खिडकीत काय हललं, गप्प असताना कोण कुणाकडे बघतंय, सगळं. माझ्या मापाने सांगीन. तुम्हाला पटलं नाही तर मधेच थांबवा आणि भांडा. चहा तेवढा भांडण झाल्यावर मी करीन.